रविवारचं अर्धं पान

‘डायरी’ हा शब्द ऐकला की माझ्या पोटात अजून गोळा येतो. मी कॉन्व्हेंटची. आमच्याकडे डायरी म्हणजे शाळेनंच दिलेलं निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक आणि त्यातली शेवटची पंधरा-वीस पानं ‘रिमार्क्स’ची. मिस लाल पेनानं लिहिणार, आई निळ्या पेनानं सही करणार आणि बाबा काहीही न बोलता चष्मा काढून टेबलावर ठेवणार. ‘टॉक्स इन क्लास’ हा रिमार्क तर सातवीत मला इतक्यांदा मिळाला की शेवटी मिसनी नुसतं ‘सेम अगेन’ लिहायला सुरुवात केली. दहावीचा शेवटचा पेपर दिला त्या दिवशी ठरवलं होतं, यापुढे डायरीच्या वाटेला जायचं नाही. आणि आज मीच डायरीची वकिली करायला बसलेय, तीही मराठीत! ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळानं सुधारल्या असतील तर त्यांचे आभार. राहिल्या असतील तर त्या माझ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी टीई मेकॅनिकलला. शनिवार-रविवार कोल्हापुरातल्या एका सरांच्या स्टुडिओत फोटोग्राफीचा कोर्स करते आणि मधल्या वेळात कॉलेजच्या फोटो क्लबची कामं. थोडक्यात, पाच दिवस जर्नल अपूर्ण असतं आणि उरलेले दोन दिवस असाइनमेंट. माझं म्हणणं एवढंच आहे की फोटोग्राफी शिकणाऱ्यानं फोनच्या भरवशावर न राहता कागदाची वही ठेवावी. हे वाक्य वाचून हॉस्टेलमधल्या निम्म्या जणी हसणार, कारण ‘फोन आहे की!’ हे उत्तर मीही दोन वर्षं देत होते.

मग काय झालं ते ऐका.

३१ मार्च २०२४. रविवार. आमच्या लेडीज हॉस्टेलच्या गेटवरचे वॉचमन मामा त्या दिवशी रिटायर होणार होते. एकोणीस वर्षं त्यांनी त्या गेटवर नाईट ड्यूटी केली. आठवडाभर आधी मला म्हणाले, “ताई, तुम्ही सगळ्यांचं फोटो काढतायसा, आमचा दोघांचा एक काढा की. ड्रेसवर. आमची मंडळी येणार हाईत गावाकडनं.” ड्रेस एजन्सीचा, तो त्याच दिवशी जमा करायचा होता. म्हणून सकाळी साडेसातची वेळ ठरली. त्या वेळी गेटच्या भिंतीवर छान तिरकं ऊन येतं, हेही मीच त्यांना ऐटीत सांगितलं. त्यांच्यासमोरच फोन काढला आणि रिमाइंडर टाकला, सकाळी सातचा. काय लिहिलं? ‘मामा फोटो’.

शनिवारी रात्री अकरा वाजता क्लबच्या ग्रुपवर ठरलं, पहाटे पन्हाळ्याला जायचं, सूर्योदय घ्यायचा. मी एका सेकंदात अंगठा दाखवून मोकळी. पहाटे वीस मिनिटं पाचवर असताना खाली उतरले. मामांनीच गेट उघडलं. रजिस्टरवर सही केली. ते म्हणाले, “लौकर या बरं का ताई.” मी म्हटलं, “हो मामा.” आता हे वाक्य ते एकोणीस वर्षं प्रत्येक मुलीला म्हणत आले होते. त्या दिवशी त्यात वेगळा अर्थ होता, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

सात वाजता मी तटबंदीवर ट्रायपॉड लावून उभी, बोटं गारठलेली, आणि फोन वाजला. ‘मामा फोटो’. माझे सख्खे मामा नाशिकला असतात. त्यांच्या साठीच्या कार्यक्रमाचे फोटो आई दोन आठवडे मागत होती. ‘संध्याकाळी पाठवते’ असं मनातल्या मनात म्हणून मी रिमाइंडर पुसला आणि कटकट नको म्हणून फोन सायलेंट करून बॅगेत कोंबला. मग आम्ही झुणका-भाकरी खाल्ली. अकराला परत आले तेव्हा गेटवर दुसराच माणूस होता.

बाकीचं रूममेटनं सांगितलं. मामा इस्त्रीच्या ड्रेसमध्ये खुर्ची टाकून बसले होते. मामी पहिल्या एस.टी.नं आल्या होत्या, हिरवं नवं लुगडं नेसून. दोनदा विचारलं, “ताई आल्या का?” रूममेटनं मला पाच फोन केले. शेवटी तिनं विचारलं, मी मोबाईलवर काढू का? तर म्हणाले, “नको, ताई काढणार म्हणाल्यात, त्या येतील.” साडेदहाला सुपरवायझर ड्रेस न्यायला आला.

मी नंतर रजिस्टर उघडून बघितलं. माझ्याच अक्षरात, ‘आऊट ५.२०’.

तुम्ही म्हणाल, यात फोनची काय चूक? ‘मामा फोटो’ हे वहीत लिहिलं असतं तरी घोळ झालाच असता. अगदी बरोबर. मीही बरेच दिवस हाच विचार करत होते. पण एक फरक आहे. फोन एका वेळी एकच गोष्ट सांगतो आणि तीही वाजायची वेळ झाल्यावर. शनिवारी रात्री अकरा वाजता तो गप्प होता, आणि निर्णय तर मी तेव्हा घेतला! वहीचं पान गप्प नसतं. त्या रविवारच्या पानावर आधीच ‘७.३० गेट, मामा-मामी’ लिहिलेलं असतं आणि तिथं ‘पन्हाळा’ लिहायला गेले असते, तर पेन त्या ओळीवर आपटलं असतं. दोन गोष्टी एकमेकींवर आदळतायत हे कळायला त्या एकमेकींशेजारी दिसाव्या लागतात. फोनमध्येही आठवड्याचं पान उघडता येतं, माहितीये. पण अंगठा दाखवण्याआधी ते कोण उघडतं?

तर मी बाबांना ऑफिसातून मिळालेली एक जाडजूड डायरी उचलून आणली. सोनेरी कडा, रेशमी रिबीन, पहिली दहा पानं एस.टी.डी. कोड आणि मेट्रिक टनांची कोष्टकं. आणि तिथं पहिला शोध लागला. अशा डायरीत सोमवार ते शुक्रवार प्रत्येकाला पूर्ण पान असतं आणि शनिवार-रविवारला मिळून एक! म्हणजे ज्यांचा रविवार झोपेत जातो त्यांनी ज्यांचा रविवार झोपेत जातो त्यांच्यासाठी काढलेली ती डायरी. फोटो काढणाऱ्याचं सगळं काम नेमकं रविवारी. लग्नं रविवारी, ट्रेक रविवारी, क्लास रविवारी. माझं सोमवारचं पान कोरं आणि रविवारच्या अर्ध्या पानावर मुंग्यांची रांग. दोन महिन्यांत ती डायरी मी मेसच्या काकूंना हिशोबाला दिली आणि साधी दोनशे पानी वही आणून पट्टीनं स्वतः रेघा मारल्या. इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा आयुष्यात झालेला तो पहिला उपयोग. (ड्रॉइंगच्या सरांनी हे वाक्य वाचू नये.)

माझ्या वहीत रविवारला दोन पानं आहेत. डाव्या पानावर वेळा: किती वाजता, कुठे, कोण. माणसाचं पूर्ण नाव, हा आता नियमच. उजव्या पानावर सामान आणि नंतरची कामं. बॅटरी चार्ज, कार्ड रिकामं, फोटो उतरवले, दुसऱ्या डिस्कवर उतरवले, प्रिंट कुणाला द्यायची. प्रत्येकापुढे चौकोन. ‘उतरवले’चे चौकोन दोन आहेत आणि दोन्ही भरल्याशिवाय मी कार्ड फॉरमॅट करत नाही. ३२ जीबीच्या कार्डावर माझ्या कॅमेऱ्याचे हजार-अकराशे रॉ फोटो मावतात आणि ते पुसायला चार सेकंद लागतात. हे मला कसं माहीत ते विचारू नका. फोटो क्लबच्या सीनियर्सना विचारा, त्यांना अजून आठवतंय. आता कार्डांवर नेलपॉलिशनं १, २, ३ आकडे टाकलेत आणि वहीत त्यांची नोंद.

नंबर टाकणं मी काही शोधून काढलेलं नाही. राजा दीनदयाळ हे नाव तुम्ही ऐकलंय का? निजामाचे फोटोग्राफर म्हणून ते ओळखले जातात. पण ते मूळचे आपल्याच पंथातले! रुरकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले आणि १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरीला लागले. फोटोग्राफी तिथं नोकरी करता करता. त्यांच्या जुन्या प्रिंट बघितल्या तर कडेला निगेटिव्हचा नंबर आणि जागेचं नाव दिसतं. त्यांच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी कला केंद्रात आहेत. मला वाटतं हा ड्राफ्ट्समनच्या हाताला लागलेला वळणाचा भाग असणार. ड्रॉइंगवर नंबर नाही तर ड्रॉइंग नाही.

आता कुणी म्हणेल, डिजिटल कॅमेरा हे सगळं आपोआप लिहितो. तारीख, वेळ, शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, लेन्स. लिहितो खरं. पण काय हवं होतं ते लिहित नाही. मी रंकाळ्यावर धुकं घ्यायला गेले आणि धुकं नव्हतंच, म्हणून म्हशी घेतल्या, हे कॅमेऱ्याला कुठून कळणार? त्या म्हशीवाल्या काकांना प्रिंट द्यायचं कबूल केलंय, हेही नाही. आणि बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली की आमच्या क्लबच्या जुन्या कॅमेऱ्याचं घड्याळ बिनदिक्कत भलतीच तारीख दाखवतं. गेल्या वर्षीच्या गॅदरिंगचे निम्मे फोटो त्याच्या मते मी शाळेत असताना काढलेले आहेत.

तारखेवरून एक भारी गोष्ट सांगते, ही आमच्या कोर्सच्या सरांकडून ऐकली आणि मग मी वाचून काढली. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन फोटोग्राफरचा ‘मूनराईज, हर्नांडेझ’ नावाचा जगप्रसिद्ध फोटो आहे. न्यू मेक्सिकोतलं छोटं गाव, स्मशानातले पांढरे क्रूस, वर काळं आभाळ आणि चंद्र. गाडीतून जाताना त्याला हे दिसलं, घाईघाईत कॅमेरा लावला, तर लाईट मीटर सापडेना! चंद्राचा उजेड किती असतो हा आकडा त्याला पाठ होता, त्यावरून मनातच एक्स्पोजर काढलं आणि एक फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं. आता गंमत बघा. इतका हिशोबी माणूस, पण तारीख लिहून ठेवली नाही. पुढे तो स्वतःच वेगवेगळी सालं सांगत राहिला. शेवटी खगोलशास्त्र जाणणाऱ्या लोकांनी चंद्राच्या जागेवरून गणित मांडलं. आधी एकानं ३१ ऑक्टोबर १९४१ काढली, मग १९९१ मध्ये डेनिस डि सिको यांनी ती दुरुस्त करून १ नोव्हेंबर १९४१, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं असं उत्तर दिलं. एका तारखेसाठी पन्नास वर्षं! अ‍ॅडम्ससाठी लोक एवढं करतात. माझ्यासाठी माझी रूममेटसुद्धा करणार नाही.

ही गोष्ट मी सुट्टीत आजीला सांगितली. तिला क्रूस-बिस काही कळलं नाही, पण चंद्राचं नाव काढल्यावर ती उठली आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं. “यात बघायचं की त्यानं.” आजीचं बरोबर होतं! संकष्टीला चंद्रोदय कोणत्या गावात किती वाजता ते त्यात छापलेलंच असतं. त्याच कालनिर्णयावर तिनं ‘गॅस लावला’, ‘दूध दीड लिटर’, ‘सुमनकडे बारसं’ असं सगळं बारीक अक्षरात लिहून ठेवलेलं. जयंतराव साळगांवकरांनी १९७३ पासून हे कॅलेंडर काढलं, म्हणजे आपल्या घरांत इतकी वर्षं कागदाचा प्लॅनर भिंतीवर लटकतोय आणि आम्ही तो इंग्लिश नाव देऊन ऑनलाईन मागवतोय. मी त्या दिवशी वर्षभराच्या पौर्णिमा वहीत उतरवून घेतल्या. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो आणि रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर करतो. म्हणजे पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी चंद्र वर आलेला आणि जमिनीवर अजून ऊन, असा थोडाच वेळ मिळतो. अ‍ॅडम्सला मिळाला तसाच. वर्षात अशा बारा-तेरा संध्याकाळी. त्यातल्या पावसाळ्यातल्या कोल्हापुरात विसरायच्या. उरलेल्यांतल्या किती सबमिशनच्या आठवड्यात येतात ते वहीत बघितलं आणि मी खरंच खुर्चीत बसले.

ऊन असंच. कोल्हापुरात नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य सहाच्या आत मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला सातच्या पुढे. प्रॅक्टिकल मात्र बारा महिने पाचलाच सुटतं. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव घ्या. नोव्हेंबरची ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीचे किरण महाद्वारातून आत जातात. मला गाभारा नको असतो, मला महाद्वारापाशी जमलेली माणसं हवी असतात. २०२४ च्या ऑगस्टमध्येच वहीत दिसलं की ११ नोव्हेंबरला सोमवार आहे आणि त्या आठवड्यात इंटर्नल टेस्ट. म्हणून ९ आणि १० ला काम उरकलं. त्यातला एक फोटो याच अंकात आहे. आवडला तर सांगा, नाही आवडला तर टेस्टमध्ये किती मिळाले ते विचारू नका.

विरोधी पक्षाचंही ऐकलं पाहिजे. माझ्या रूममेटचं म्हणणं, वही वाजत नाही. खरंय, म्हणून अलार्म मी अजून फोनवरच लावते. वही पावसात भिजते. हेही खरं. जुलैमध्ये माझं अख्खं एक पान निळं झालं, तेव्हापासून पेन्सिल. वही हरवली तर सगळंच गेलं. यावर माझ्याकडे उत्तर नाही, मी दर रविवारी रात्री पानाचा फोनवर फोटो काढते, आणि यावर ती जे हसते ते मला मान्य आहे. वादात जिंकायला मी एकदा तिच्यापुढे २०१४ चं अमेरिकन संशोधन टाकलं, की हातानं नोट्स काढणाऱ्यांना लॅपटॉपवाल्यांपेक्षा विषय जास्त कळतो. तिनं दुसऱ्या दिवशी २०१९ आणि २०२१ मधली दोन संशोधनं आणून टाकली, ज्यांनी तेच पुन्हा करून बघितलं आणि तसा ठाम फरक दिसला नाही. ती कॉम्प्युटरची आहे. त्यांच्याशी वाद घालू नये.

पण दुसरी एक जात आहे ती मला खरंच पटत नाही. रंगीत पेनं, चिकटपट्ट्या, फुलं, ‘हॅबिट ट्रॅकर’ आणि त्याचा फोटो काढून स्टेटस. रायडर कॅरोल नावाच्या डिझायनरनं ‘बुलेट जर्नल’ची पद्धत काढली ती मुळात ठिपका, गोल आणि रेघ, बस्स. आपल्याकडे आमच्या विंगमध्ये तिची रांगोळी झाली. एका मैत्रिणीनं मार्चचं पान सजवायला एक रविवार घालवला. पान सुरेख झालं. मार्चमध्ये काय करायचं ते त्यात लिहायला जागा राहिली नाही.

आणि आपण इंजिनिअर तरी कोणत्या तोंडाने बोलायचं? पर्ट-सीपीएमचा प्रश्न मी पूर्ण मार्कांनी सोडवलाय. १९५८ मध्ये अमेरिकन नौदलानं पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी ती पद्धत वापरली, हेही प्रस्तावनेत लिहिलं. क्रिटिकल पाथ लाल पेनानं गिरवला. त्याच रात्री बॅटरी चार्जिंगला लावायला विसरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाजीपूरच्या जंगलात कॅमेरा दगडासारखा हातात.

मे महिन्यात मी मामांच्या गावी गेले. राधानगरीकडे, एस.टी.नं. पत्ता नव्या वॉचमननी दिला. माफी कशी मागायची ते मी वाटेत तीनदा मराठीत जुळवलं होतं, पण मामांनी मला बोलूच दिलं नाही. “अवो ताई, एवढ्या उन्हात कशाला आलासा,” म्हणून पाणी दिलं. मी दोघांचे दारात, चुलीपाशी, गोठ्यात, पंचवीस-तीस फोटो काढले. मामा पांढरा शर्ट आणि टोपीत. छान आले. जूनमध्ये प्रिंट घेऊन पुन्हा गेले, तेव्हा मामी बराच वेळ बघत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “झ्याक हाय. पर मला ड्रेसवरचा पायजे हुता. लेकाला दावला असता.” मामा म्हणाले, “असू द्या हो, ह्यो बी चांगला हाय.” मी मान हलवली. चहा गोड होता, बराच गोड.

असो. गॅदरिंग जवळ आलंय. ज्यांना डिपार्टमेंटचे, विंगचे किंवा कुणाच्या निरोपाचे फोटो हवे असतील त्यांच्यासाठी माझ्या खोलीच्या दाराला दोरीनं वही अडकवलीय, पेन्सिलही आहे. मुलांनी चिठ्ठी गेटवर द्यावी. तारीख आकड्यात लिहा, कारण ‘एकोणतीस’ आणि ‘एकोणचाळीस’मध्ये आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांचा अजून गोंधळ होतो. आणि फोटो कुणाचा काढायचाय त्याचं पूर्ण नाव लिहा. नुसतं ‘मामा’ चालणार नाही.